कापड रंगविणे, घरगुती

घरातील साधने व बाजारात सहज मिळणारे रंग वापरून थोड्या प्रमाणात कापड, सूत किंवा तयार कपडे रंगविण्याची क्रिया. विटलेला कपडा पुन्हा वापरण्याजोगा करणे, पांढऱ्या कापडास हवी ती छटा देणे आणि बांधणीसारखे नक्षीकाम करणे हे तिचे नेहमीचे हेतू होत. रंग तंतूच्या पृष्ठभागावर नुसता बसला, तर तो पहिल्या काही धुण्यांत निघून जातो. तंतूच्या आत शिरून तेथे धरून ठेवला गेला, तरच टिकतो. तो कसा धरला जाईल, हे तंतूच्या रासायनिक घडणीवर अवलंबून असते. म्हणून कापड कशाचे आहे हे आधी ठरवावे लागते व रंगाची निवड त्यानंतर करावी लागते. हा क्रम उलटा झाल्याने पुष्कळ घरगुती रंगकाम फसते व चांगले कापड वाया जाते.

इतिहास : मोहें-जो-दडो येथे मंजिष्ठाने रंगविलेल्या सुती कापडाचा अवशेष सापडला आहे. त्यावरून रंगबंधकाच्या साहाय्याने सूत रंगविण्याची कला भारतात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकापासून अवगत होती, असे दिसते. महाराष्ट्रात हे काम रंगारी करीत; निळीत रंगविणाऱ्यांस निराळी अथवा निळारी म्हणत. विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिले व्यापारी संश्लेषित रंजक तयार केले. मंजिष्ठातील ॲलिझरीन १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनविण्यात आले व १८९७ मध्ये संश्लेषित नीळ बाजारात आली. रंगबंधकाशिवाय सुतास थेट लागणारे काँगो रेड हे रंजक १८८४ मध्ये तयार झाले. सुताशी रासायनिक संयोग पावणारी विक्रियाशील रंजके १९५६ मध्ये विक्रीस आली. या शेवटच्या दोन शोधांमुळे पक्के रंगकाम घरच्या बादलीत करणे सुलभ झाले.

तंतूंची ओळख : कापडाच्या कडेचे काही धागे काढून ते चिमट्यात धरून जाळले असता तंतूची जात बहुधा कळते. सूत व रेयॉन कागदाप्रमाणे पेटतात आणि मऊ, करडी राख उरते. लोकर व रेशीम यांस जळक्या केसांचा वास येतो आणि बोटाने चुरडता येणारी काळी गोळी उरते. नायलॉन व पॉलिएस्टर आधी वितळतात व त्यांची कठीण गोळी बनते. वितळलेला थेंब त्वचेस चिकटून भाजते, म्हणून ही परीक्षा पाण्याने भरलेल्या ताटलीवर करावी. रेयॉन हा मानवनिर्मित असला, तरी सुताप्रमाणेच सेल्युलोजाचा बनलेला असल्याने सुताचेच रंग घेतो. टेरिकॉटसारख्या मिश्र कापडात दोन्ही जातींचे धागे असतात. त्यास सुताचा रंग दिल्यास फक्त सुती भाग रंगतो व एकूण छटा फिकी राहते. तयार कपड्यांची शिलाई पुष्कळदा पॉलिएस्टर दोऱ्याची असते. असे कपडे रंगविल्यावर टाके मूळच्याच रंगाचे राहतात.

पूर्वतयारी : कोऱ्या कापडातील खळ व वापरलेल्या कपड्यावरील तेलकट डाग राहिल्यास रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो. म्हणून सुती कापड धुण्याचा सोडा व साबण घातलेल्या पाण्यात उकळावे. रेशीम व लोकर मात्र कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावी. कापडाचे कोरडे असताना वजन करावे, कारण रंग व इतर द्रव्ये यांची प्रमाणे त्यावरून ठरतात. पाणी कापडाच्या वजनाच्या २० ते ३० पट असावे, अर्धा किग्रॅ. वजनाच्या साडीस १० ते १५ लि. पाणी लागते. कापड रंगात सोडण्यापूर्वी पूर्ण भिजवून पिळून घ्यावे. मूळ रंगावर दुसरा रंग चढविल्यास दोहोंचे मिश्रण दिसते; पिवळ्यावर निळा दिल्यास हिरवा येतो. गडद कापड रंगवून फिके होत नाही.

सुती कापड : प्रत्यक्ष रंजकांचा वापर सर्वांत सोपा आहे. फिक्या छटेस कापडाच्या वजनाच्या सु. १% व गडद छटेस ३ ते ४% पूड थोड्या गरम पाण्यात कालवून, गाळून रंगपात्रात घालतात. पाण्यात सूत व रंजक या दोहोंवर ऋण विद्युत् भार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. मिठाने हा विरोध कमी होतो व रंग तंतूकडे ओढला जातो. कापडाच्या वजनाच्या १० ते २०% मीठ दोन-तीन हप्त्यांनी घालून, कापड सतत हलवीत, पाऊण ते एक तास उकळीच्या जवळ ठेवतात. या रंगांची पकड दुर्बल असल्याने ते धुण्यात थोडेथोडे उतरत राहतात.

विक्रियाशील रंजके सेल्युलोजाशी सहसंयुजी बंधाने जोडली जातात, म्हणून ती अधिक पक्की असतात. यांपैकी थंड प्रकारची रंजके ३०° ते ४०° से. तापमानास वापरता येतात. दर लिटर पाण्यास सु. ५० ग्रॅ. मीठ घालून कापड अर्धा तास रंगात हलवितात. नंतर ते बाजूस काढून रंगपाण्यात दर लिटरला १० ते २० ग्रॅ. धुण्याचा सोडा विरघळवितात व कापड आणखी एक तास ठेवतात. खाण्याचा सोडा येथे पुरेसा नसतो. सोडा पडताच रंजकाची पाण्याशीही विक्रिया सुरू होते व तेवढा रंग निकामी होतो. त्यामुळे सोडा आरंभीच घालू नये आणि उरलेला रंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. अखेरीस कापड साबणाच्या उकळत्या पाण्यात धुऊन न जोडला गेलेला रंग काढून टाकतात. ही पायरी गाळल्यास पक्का रंगही कच्चा भासतो.

रेशीम, लोकर व नायलॉन : लोकर व रेशीम प्रथिनांचे बनलेले असून अम्लीय पाण्यात त्यांच्यावर धन भार येतो, नायलॉनाचेही काहीसे तसेच आहे. म्हणून यांस ऋण भाराची अम्ल रंजके लागतात. १०० ग्रॅ. लोकरीस सु. ५० मिलि. पांढरा शिरका पुरतो. लोकर कोमट पाण्यात सोडून तापमान सावकाश उकळीजवळ नेतात व भांड्यातच निवू देतात. तापमान एकदम बदलल्यास किंवा जोराने ढवळल्यास लोकर आटते व गुठळते. रेशमास ८५° से.पर्यंतचे तापमान पुरते. सोड्यासारख्या क्षारकीय द्रव्याने दोन्ही तंतूंस इजा होते. सर्व कापडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पुष्कळदा प्रत्यक्ष व अम्ल रंजकांचे मिश्रण असते. त्यांनी पॉलिएस्टर रंगत नाही.

पॉलिएस्टर : हा तंतू पाणी जवळजवळ शोषीत नाही व त्याची घडण घट्ट असते. त्यास पाण्यात न विरघळणारी, सूक्ष्म कणांच्या रूपात पसरणारी खास रंजके लागतात. गिरण्यांत बंद पात्रात, दाबाखाली सु. १३०° से. तापमानास ती तंतूत शिरवितात. घरी उघड्या भांड्यात दीर्घकाळ उकळून बहुधा फिक्या छटाच मिळतात. तापमान वाढविण्यासाठी स्वयंपाकाचा दाबपात्र (कुकर) वापरणे धोक्याचे आहे.

वनस्पतिज रंग : हळद सुतास थेट लागते, परंतु तिचा रंग उन्हात उडतो व साबणाने तांबूस होतो. मंजिष्ठ, पळसाची फुले, डाळिंबाची साल इत्यादींना बहुधा रंगबंधक लागतो. तुरटीतील ॲल्युमिनियम एकीकडे तंतूशी व दुसरीकडे रंजकाशी संयोग पावते. सूत तुरटी सहज धरीत नाही, म्हणून ते आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवितात; हिरड्यातील टॅनिनामुळे तुरटी टिकते. मंजिष्ठ तुरटीवर लाल, तर हिराकशीवर जांभळट काळसर छटा देते. हिराकस जास्त झाल्यास कालांतराने कापड कुजते. नीळ पाण्यात विरघळत नाही. क्षारकीय पाण्यात तिचे क्षपण करून पिवळसर हिरवा विद्राव बनवितात व त्यात बुडविलेले कापड हवेत काढताच निळे होते. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हा समज बरोबर नाही. मोरचूद विषारी आहे आणि पोटॅशियम डायक्रोमेट कर्ककारक आहे. हे रंगबंधक घरी वापरू नयेत.

दक्षता : भांडे निष्कलंक पोलादाचे (स्टेनलेस स्टीलचे) किंवा न टवकलेल्या मुलाम्याचे असावे. ॲल्युमिनियमाचे भांडे सोड्याने झिजते. रंगकामाची भांडी, चमचे व गाळणी पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत. रंगाची पूड श्वासावाटे गेल्यास, विशेषतः विक्रियाशील रंजकांची, दम्यासारखा विकार जडू शकतो. म्हणून पूड पंख्याखाली उघडू नये, नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी व रबरी हातमोजे घालावेत. काही ॲझो रंजकांपासून कर्ककारक ॲमिने सुटतात; अशा रंजकांच्या हाताळणीवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली. यासाठी नाव, प्रकार व उत्पादक यांचा उल्लेख नसलेली सुटी पूड घेऊ नये. उरलेले रंगपाणी विहीर, ओढा किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नये.

कोणतेही कापड पात्रात टाकण्यापूर्वी त्याच्या तुकड्यावर किंवा आतील शिवणीच्या कडेवर रंग देऊन, धुऊन व वाळवून पाहावा. ओले कापड वाळल्यावर दिसते त्याहून गडद भासते, म्हणून छटेची परीक्षा वाळलेल्या तुकड्यावरूनच करावी. रंगविलेला कपडा पहिली काही धुणी वेगळा धुवावा व सावलीत वाळवावा.