सरळ चालणारी मोटार

रेडिओलहरींनी वाहन हाकण्याची कल्पना जुनीच. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे अशी नौका चालवून दाखविली होती. बिदरचे जांभ्याचे पठार असो वा आळंदची काळी माती, मुलाची रेडिओ-मोटार एका बाजूस ओढू लागली, की ‘बिघडली’ म्हणून ती अडगळीत पडते. वस्तुतः पुष्कळदा तिचे सुकाणू मध्यावर नसते, इतकेच.

चाके वळविणाऱ्या यंत्रास सर्व्हो म्हणतात. सुमारे १.५ मिलिसेकंदाचा विद्युत्स्पंद मिळाला, की तो मध्यावर स्थिरावतो. म्हणून गाडी ठोकळ्यावर ठेवून चाके अधांतरी करावीत. नियंत्रकावरील ट्रिम शून्यावर आणून आधी नियंत्रक व मग गाडी सुरू करावी. सर्व्होची भुजा काढून ती जोडदांडीशी काटकोनात येईल अशी पुन्हा बसवावी. आसावर २५ दाते असल्यास एक दाता म्हणजे १४.४ अंश, त्यामुळे थोडा फरक उरणारच. तेवढाच ट्रिमने काढावा आणि टाय रॉडची लांबी कमी-अधिक करून चाके सरळ करावीत. सगळा दोष ट्रिमवरच ढकलला, तर गाडी एका बाजूस अधिक व दुसऱ्या बाजूस कमी वळते.

अखेरीस दोन्ही टोकांच्या वळणाची मर्यादा ठरवावी. चाक अडल्यावरही जोर लावीत राहिलेला सर्व्हो तापून जळू शकतो.

हे सारे वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून मुलाच्याच हातून करवून घ्यावे. खेळणे तर वाचेलच. शिवाय दोष झाकण्याआधी तो शोधावा, ही सवयही त्याला लागेल.