माणसे घटली, म्हातारपण वाढले. आरोग्याचा हिशेब मात्र जुनाच

दाभोळचे नाव घेतले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे बहामनी आणि आदिलशाही काळातले भरभराटीचे बंदर. दुसरा एन्रॉनचा वीज प्रकल्प, जो खरे पाहता खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. तिसऱ्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि दुकानदार व कारागिरांच्या गल्ल्याशी तिचाच सर्वांत जवळचा संबंध आहे. या किनाऱ्यावरची माणसे कमी होत चालली आहेत आणि जी राहिली आहेत ती वयाने मोठी होत आहेत.

आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ वर आली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास ८२ हजारांची घट. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. दर हजार पुरुषांमागे जिल्ह्यात ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. याचा अर्थ इथे मुली जास्त जन्मतात असा नव्हे. कमावता पुरुष मुंबईला, बोटीवर किंवा आखातात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे कारण घराघरात दिसते. पूर्वी सहा-सात भावंडे असत, आता दोन किंवा तीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २.३६ वर आले. सर्व समाज मिळून महाराष्ट्राचे प्रमाण १.७ आहे. लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या समाजाकडे बोट दाखवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे दोन आकडे एकदा वाचावेत.

मुले कमी झाली आणि तरुण बाहेर गेले, तर गावात कोण उरते? वडीलधारी मंडळी, सुना आणि शाळकरी मुले. त्याबरोबर आजारही बदलतात. पूर्वी दवाखान्याची वाट धरावी लागे ती ताप, हगवण आणि बाळंतपणासाठी. आता साखर, रक्तदाब, गुडघे, मोतीबिंदू, लकवा आणि मूत्रपिंड ही कारणे आहेत. यांतले बहुतेक आजार बरे होत नाहीत, ते सांभाळावे लागतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हा एकदाचा खर्च नव्हे, हे दरमहाचे भाडे आहे.

सरकारी आरोग्यसेवेचा आराखडा मात्र माणसांची डोकी मोजून ठरतो. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र असे प्रमाण आहे. डोंगरी व आदिवासी भागात ते अनुक्रमे २० हजार आणि तीन हजार आहे. डोंगर चढून यावे लागते म्हणून ही सवलत दिली, ते योग्यच झाले. पण वयाचा हिशेब या प्रमाणात कुठेच नाही. पंचविशीतला तडफदार खलाशी आणि पंच्याहत्तरीतली मधुमेही आजी या मोजणीत सारख्याच. ज्या जिल्ह्यातून खलाशी निघून गेला आणि आजी उरली, तिथे डोकी घटतात आणि काम वाढते. आराखड्याला मात्र डोकी दिसतात, काम दिसत नाही.

पैशाचीही तीच गत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झाली. पुढे तिची व्याप्ती सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत आणि पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. योजना मोलाची आहे, तिने असंख्य घरे कर्जातून वाचवली. पण ती पैसे देते ते मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर, ठरलेल्या शस्त्रक्रियेचे किंवा उपचाराचे. एखाद्या शिंप्याची साखर दहा वर्षे ताब्यात ठेवली, तर त्या गोळ्यांचे व तपासण्यांचे पैसे ही योजना देत नाही. त्याच शिंप्याचे मूत्रपिंड निकामी झाले की डायलिसिसचे पैसे देते. पण आठवड्यातून दोन-तीन दिवस डायलिसिससाठी जाणारा कारागीर मशीनवर बसणार कधी? घडीव माल बिघडू नये म्हणून आपण आधी तेल घालतो. इथे यंत्र मोडल्यावर पैसे मिळतात. रुग्णालयांना केलेल्या कामाच्या संख्येवर पैसे न देता रुग्ण किती बरा राहिला यावर द्यावेत, हा विचार आता जगभर मांडला जातो. कोकणासाठी तो इतरांपेक्षा अधिक निकडीचा आहे.

धोरण म्हणजे शेवटी कशाला मोल द्यायचे याचा निर्णय असतो, आणि तो बदलू शकतो. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. वीस वर्षांनी, एप्रिल १९९६ मध्ये, केंद्राने कुटुंब नियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टेच देशभर काढून टाकली. सक्ती गेली तरी मुलांची संख्या घटतच राहिली.

आता हातात काय आहे ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले आहेत. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून नियमित घ्याव्यात आणि साठा संपला असेल तर लेखी तक्रार द्यावी. तोंडी तक्रार कोणत्याच खात्यात जमा होत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळू लागले. मुलगा आखातात कमावतो म्हणून आईला कार्ड मिळणार नाही, हा समज चुकीचा आहे. आधार कार्डावर जन्मतारीख बरोबर आहे ना, एवढे आधी तपासावे.

खासगी विमा घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीही दोन गोष्टी बदलल्या. एप्रिल २०२४ पासून विमा घेण्यासाठी ६५ वर्षांची अट उरली नाही आणि जुन्या आजाराची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. तरीही उतारवयात हप्ता जड जातो. विमा चाळिशीत घ्यावा, साठीत नव्हे.

एवढे करूनही एक काम कोणतेच कार्ड करत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी येऊन कोण पाहणार? दाभोळहून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटर. लकवा झालेल्या वृद्धाला जखम बांधायला तेवढे नेणे-आणणे म्हणजे गाडीभाडे, एका माणसाचा बुडालेला दिवस आणि रुग्णाचे हाल. मुलगा कुवेतहून पैसे पाठवू शकतो, कूस बदलून देऊ शकत नाही.

या बाबतीत आपल्यासारखाच दुसरा किनारा पुढे गेला आहे. केरळातील मलप्पुरम हा मुस्लिमबहुल जिल्हाही आखाताच्या कमाईवर चालतो आणि तिथेही मुलगे दूर, आईबाप घरी. शेजारच्या कोझिकोडला १९९३ मध्ये वेदनाशमनाची संस्था सुरू झाली. पुढे मलप्पुरममध्ये त्यातून वस्तीवस्तीचे जाळे उभे राहिले. शिकवलेले स्वयंसेवक आणि एक परिचारिका घरी जाऊन जखमा बांधतात, नळ्या बदलतात, गोळ्या पाहतात. पैसा आला तो दुकानदार, बस कर्मचारी, विद्यार्थी अशांच्या छोट्या, पण नियमित वर्गणीतून; एखाद्या शेटजीच्या मोठ्या देणगीवर काम उभे राहिले नाही. आणि लोकांनी आधी करून दाखवल्यावर २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरण केले, ग्रामपंचायतींवर जबाबदारी टाकली. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारले जात नाही.

दाभोळ, हर्णै, बाणकोट या गावांत रुग्णवाहिकेसाठी वर्गणी मागितली तर ती मिळते, कारण गाडी डोळ्यांना दिसते. परिचारिकेचा पगार दिसत नाही. पण बाजारातल्या दुकानांनी दरमहा ठरावीक रक्कम काढली, परदेशातल्या मंडळींनी तेवढीच भर घातली, तर दोन-तीन गावांत मिळून एक परिचारिका ठेवणे अशक्य नाही. हिशेब दर महिन्याला बाजारात लावावा, म्हणजे वर्गणी सुटत नाही.

२०२१ ची जनगणना लांबली. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या वृद्धांचे वय अंदाजाने सांगू नये, कागद काढून सांगावे. किनाऱ्यावर साठीपुढची माणसे किती, हा आकडा पुढची अनेक वर्षे त्याच नोंदीतून काढला जाईल.