फॉर्म पयलो, मग नंबर कधी?

जून उजाडला की मालवणात 1 तारखेपासून मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आणि पाऊस धरला की लाईटचाही भरवसा राहत नाही. नेमक्या याच दिवसांत दहावी-बारावीचे निकाल हातात घेऊन पालक सायबर कॅफेच्या रांगेत उभे असतात. तिथे एक प्रश्न दरवर्षी कानावर येतो: "पयल्याच दिवसाक फॉर्म भरलंय, म्हणजे झिलाचो नंबर पयलो लागतलो मां?"

नाही लागत. नोंदणीच्या पहिल्या सकाळी भरलेला अर्ज आणि शेवटच्या संध्याकाळी भरलेला अर्ज, दोन्ही एकाच वेळी यंत्रात जातात आणि दोघांनाही उत्तर एकाच दिवशी मिळते. तरीही हा समज जात नाही, कारण रेशनपासून एसटीच्या तिकिटापर्यंत आपण सगळीकडे आधी रांग लावणाऱ्यालाच आधी मिळताना पाहिले आहे.

अकरावीचेच पाहा. 2025 पर्यंत केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी, नागपूर, नाशिक आणि अमरावती एवढ्यापुरतेच होते. मालवणच्या मुलाने कॉलेजात जायचे, फॉर्म आणायचा, गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडून द्यायचा आणि फळ्यावर यादी लागली की नाव शोधायचे, एवढेच काम होते. 2025-26 पासून सगळे राज्य एकाच ऑनलाइन प्रक्रियेत आले आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या मुलांनाही 10 पर्यंत कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागला. ज्या गावात जवळ एकच कनिष्ठ महाविद्यालय आहे आणि तिथल्या जागाही भरत नाहीत, तिथे हा खटाटोप कशासाठी, असे पालकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. राज्यभर अकरावीच्या जागा मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. चढाओढ असते ती शहरांतल्या मोजक्या नामांकित कॉलेजांत.

त्या वर्षी दहावीचा निकाल 13 मे रोजी लागला आणि पहिल्या फेरीची यादी 28 जूनला. मधे तब्बल 46 दिवस गेले. संकेतस्थळ सुरुवातीलाच अडखळल्याने नोंदणीच मुळी 26 मे रोजी सुरू झाली, आणि यादीची तारीखही पुढे सरकली. पण सगळे सुरळीत चालले तरी काही आठवडे लागतातच. नोंदणी संपल्यावर आधी तात्पुरती गुणवत्ता यादी निघते. तिच्यावर हरकती घेता येतात: कुणाचे गुण चुकलेले असतात, कुणाचा प्रवर्ग. दुरुस्त्या झाल्या की अंतिम यादी लागते, आणि तिच्या क्रमाने संगणक एकेका विद्यार्थ्यापाशी येतो. पहिल्या पसंतीच्या कॉलेजात त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक आहे का? नसेल तर दुसरी पसंती, मग तिसरी. वरच्या क्रमांकाच्या मुलाचे ठरल्याशिवाय खालच्याचे ठरत नाही. म्हणून कुणा एकालाच आधी कळवणे शक्य नसते.

बारावीनंतरच्या इंजिनिअरिंगचा सांगाडाही असाच आहे. ते प्रवेश राज्य सीईटी कक्ष करतो. हरकुळ, सावंतवाडी की थेट मुंबई-पुणे, हे कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांमध्ये ठरते. दोन मुलांचे सीईटीचे पर्सेंटाइल सारखे आले तर गणिताचे पाहतात, मग भौतिकशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे. अर्ज कोणी आधी भरला, हे तिथे कोणी विचारत नाही.

खरी मेख पुढे आहे. अमेरिकेत शिकू पाहणाऱ्या आपल्या नात्यातल्या मुलांकडून 'अर्ली डिसिजन' हा शब्द ऐकला असेल. तिथे साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत एकाच कॉलेजला तसा अर्ज करायचा आणि डिसेंबरच्या मध्याला उत्तर घ्यायचे. बाकीच्यांना मार्चअखेरपर्यंत थांबावे लागते. पण लवकर उत्तर हवे असेल तर शब्द द्यावा लागतो: घेतलेत तर मी येणारच. आपल्याकडे लवकर उत्तर नाही, पण तो शब्द मात्र आहे, आणि आपण तो न वाचताच देऊन बसतो. अकरावीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. इंजिनिअरिंगमध्ये 2025 पासून हा फास फेरीगणिक आवळतो. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर जागा आपोआप 'फ्रीझ' होते, म्हणजे तीच घ्यावी लागते; दुसऱ्या फेरीत पहिल्या 3 पैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या 6 पैकी कोणतीही. चौथ्या फेरीत जे मिळेल तेच शेवटचे. पहिल्या तीन फेऱ्यांत या मर्यादेच्या खालची पसंती लागली तर ती जागा धरून 'बेटरमेंट' मागता येते. पुढच्या फेरीत वरचे कॉलेज मिळाले की आधीची जागा आपसूक सुटते, ती परत मिळत नाही.

म्हणून घाई फॉर्मची नको, पसंतीक्रमाचा विचार आधी हवा. शेजारच्याने लिहिले म्हणून पुण्याचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायचे आणि ते लागल्यावर खोलीभाड्याचा हिशोब मांडायचा, हा उलटा कारभार झाला. जिथे खरोखर जायचे तेच वर लिहावे, मग ते मालवणचे का असेना.

आधी धावण्याचा उपयोग एकाच ठिकाणी होतो: दाखल्यांना. नॉन-क्रीमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, इंजिनिअरिंगसाठी जात पडताळणी, ही कामे निकालानंतर सुरू केली तर सगळा जिल्हा एकाच वेळी सेतू केंद्रावर आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला धडकतो. मुदतीत कागद आला नाही की राखीव प्रवर्गातला अर्ज खुल्या प्रवर्गात जातो आणि सगळे गणित बदलते. पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकलेला बरा.

आणि मोबाइल नंबर. आपल्याकडे वडील चाकरमानी असतात, मग फॉर्मवर नंबर मुंबईतल्या वडिलांचा किंवा थेट कॅफेवाल्याचा पडतो. जागा लागल्याचा एसएमएस त्याच नंबरवर जातो, ओटीपीही तिथेच. जागा स्वीकारायची मुदत मोजक्या दिवसांची असते. तेव्हा नंबर घरात असलेल्या फोनचाच द्या, यादीच्या आदल्या रात्री तो चार्ज करून ठेवा, आणि जागा लागली तर शेवटच्या संध्याकाळची वाट न पाहता सकाळीच स्वीकारा. लाईट दुपारनंतर जाते.