वीज गेली, तरी वाट चालू!

मुलांनो, निगडीत अधूनमधून गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर मुंबईचीच वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या!

अशा वेळी कारखान्यातल्या कॉम्प्युटरच्या जाळ्याचे काय होत असेल? या जाळ्याच्या तारेवर एक पहारेकरी यंत्र असते. येणारा-जाणारा प्रत्येक संदेश ते तपासते. त्याचीच वीज गेली, की वाट बंद! मग बाकीची यंत्रे बॅटरीवर चालू असूनही उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे बायपास. त्यात रिले नावाचा छोटासा स्विच असतो. वीज असते तोवर विद्युतचुंबक एक पत्ती ओढून धरतो आणि संदेश पहारेकऱ्याकडून जातात. वीज गेली, की चुंबकत्व संपते, स्प्रिंग पत्तीला मागे खेचते आणि दोन्ही बाजूंच्या तारा थेट जोडल्या जातात. गंमत पाहा, ही वाट उघडी राहायला वीज लागतच नाही!

पण थांबा! आता संदेश न तपासताच जाणार. रुग्णालयात वाट चालू राहणे मोलाचे. बँकेत मात्र ती बंद झालेलीच बरी. तुमच्या शाळेसाठी तुम्ही काय निवडाल? आईबाबांशी बोलून ठरवा बरं!