योनिमार्गाचा दाह आणि स्त्रियांचें न सांगितलेलें दुखणें

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत धान्याचीं पोतीं, कडब्याच्या पेंढ्या, विहिरींतील गाळ उपसण्याची मजुरी यांचे आंकडे असावे, ही आमच्या आश्रयदात्यांची अपेक्षा योग्यच आहे व ते आंकडे त्यांस स्वतंत्र पानांवर मिळतील. येथें आम्ही अशा एका दुखण्याविषयीं लिहीत आहों, कीं ज्याचें नांव देणगीदारांच्या सभेंत सहसा निघत नाहीं. योनिमार्गाचा दाह व त्यांतील जंतुदोष हा तो विषय होय. आमच्यापैकीं कांहीं वडीलधाऱ्या गृहस्थांस तो छापील पानावर पाहून संकोच वाटेल, हें आम्ही जाणून आहों. लेखणी उचलतांना आम्हांसही तो वाटला. परंतु ज्या गोष्टीचा उच्चार करण्याची लाज वाटते, तिच्यासाठीं पैसाही मंजूर होत नाहीं.

आपल्याकडील स्त्रिया या दुखण्यास ‘धुपणी’ किंवा ‘अंगावरून पांढरें जाणें’ म्हणतात. वैद्यांच्या ग्रंथांत श्वेतप्रदर हा शब्द आहे. प्रथम ध्यानांत घ्यावयाचें तें हें, कीं प्रत्येक स्राव म्हणजे रोग नव्हे. दोन पाळ्यांच्या मध्यावर स्राव पातळ, पारदर्शक व अधिक येतो, गरोदरपणींही तो वाढतो. त्यास दुर्गंधि, खाज वा आग यांपैकीं कांहीं नसेल तर तेथें औषधाचें काम नाहीं. या स्रावावाटे शरीरांतील सत्त्व निघून जातें ही समजूत निराधार आहे. मात्र तिच्या जोरावर शक्तीचीं औषधें विकणारांचा धंदा बरा चालतो.

निरोगी योनिमार्गांत एक प्रकारची आम्लता असते. ती राखणारे सूक्ष्म जंतु दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंच्या कुळांतले आहेत. अल्बर्ट डेडरलाइन या जर्मन वैद्यानें १८९२ सालीं त्यांचें वर्णन केलें. हे जंतु दुग्धाम्ल तयार करून इतरांस थारा मिळूं देत नाहींत. आम्लता मोजण्याचा रंगीत कागद लावला असतां तिचा अंक साधारणपणें ४.५ पर्यंत भरतो. हे पहारेकरी कमी झाले कीं, जे जंतु एरवीं थोडे असून निरुपद्रवी असतात तेच माजतात, आणि करड्या-पांढऱ्या रंगाचा पातळ स्राव व मासळीसारखा वास सुरू होतो. आग व खाज यांत बहुधा नसते. पुष्कळ स्त्रियांस तर कांहींच जाणवत नाहीं. तरीही अशा स्त्रीस गरोदरपणीं वेळेपूर्वीं प्रसूति होण्याचा, आणि एरवीं एच.आय.व्ही.ची लागण होण्याचा संभव वाढलेला असतो.

दुसरा प्रकार बुरशीचा. यांत दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट स्राव येतो, वास नसतो, परंतु खाज इतकी असते कीं झोंप लागत नाहीं. गरोदर स्त्रिया, मधुमेही स्त्रिया व ज्यांनीं नुकतीं जंतुनाशक औषधें घेतलीं आहेत अशा स्त्रिया यांत तो विशेष आढळतो. वारंवार होऊं लागल्यास रक्तांतील साखर तपासून घ्यावी. तिसरा प्रकार ट्रायकोमोनास या सजीव कणाचा, जो पॅरिस येथें दोने या वैद्यानें १८३६ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं प्रथम पाहिला. स्राव पिवळा-हिरवा व फेंसाळ असतो आणि तो समागमावाटे पसरतो. पतीस बहुधा कांहींच लक्षण नसतें, म्हणून तो स्वतःस निर्दोष समजतो. परंतु त्यास त्याच वेळीं औषध दिल्यावांचून पत्नी बरी राहत नाहीं. पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांस कोरडेपणामुळेंही दाह होतो व त्याचा उपचार निराळा आहे. मात्र पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, तर एक दिवसही न दवडतां तपासणी करावी. तें कर्करोगाचेंही चिन्ह असूं शकतें.

घरोघरीं होणारी एक चूक येथेंच सांगतों. वास येतो म्हणून साबण, तुरटीचें पाणी किंवा जखमा धुण्याचें औषध घालून आंतून धुण्याची रीत आहे. त्यानें वर सांगितलेले पहारेकरीच मरतात व दुखणें बळावतें. बाहेरून स्वच्छ पाण्यानें धुणें पुरेसें आहे.

आतां हें दुखणें किती पसरलें आहे तें पाहूं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; तिचा वृत्तांत १९८९ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रांत प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकीं एक वा अधिक रोग आढळले. दर स्त्रीमागें सरासरी ३.६ रोग पडले, आणि त्यांतील निम्मे जननमार्गाच्या जंतुदोषाचे होते. पूर्वीं अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेंकडा अवघ्या ८ होत्या. आमच्यासारख्या वकिलाची नजर ज्या आंकड्यावर खिळली तो निराळाच आहे. त्या ६५० पैकीं शेंकडा ४५ स्त्रियांची कांहींच तक्रार नव्हती. तक्रार नाहीं त्या अर्थीं नुकसानही नाहीं, असें आम्ही कोर्टांत उभ्या जन्मांत कितीदां तरी प्रतिपादिलें असेल! येथें तक्रारीवांचूनच रोग होता. आणि ज्या स्त्रियांस त्रास जाणवत होता, त्यांतील बहुतेकींनींही तो अंगावर काढला होता.

दुष्काळाचा या दुखण्याशीं संबंध पाण्यावाटे येतो. घरांत चार हंडे पाणी आलें तर पहिला वाटा पिण्यास, दुसरा चुलीस, तिसरा गुरांस. घरधनिणीच्या स्नानास व पाळीच्या कापडांस जें उरेल तें. लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें. पिण्याचें पाणीच जेथें आगगाडीनें येतें, तेथें हीं कापडें दोन पाण्यांतून कोण काढणार? शिवाय तीं उन्हांत, चारचौघांदेखत वाळत घालण्याची लाज असते, म्हणून तीं अंधाऱ्या कोपऱ्यांत, दुसऱ्या कपड्यांखालीं ओलसर राहतात. ओडिशांत झालेल्या अभ्यासांत घरांत वाळविलेलीं कापडें पुन्हां वापरणाऱ्या स्त्रियांस बुरशीचा दोष अधिक आढळला. आणि ज्यांच्या घरीं अंग धुण्यास पुरेशी जागा होती, त्यांस जंतुदोष कमी होता. नवें कापडच हवें असें नाहीं. साबणानें धुवून कडक उन्हांत पूर्ण वाळविलेलें जुनें लुगडेंही चालतें. पण त्यास पाणी लागतें व आडोसा लागतो.

न सांगितलेलें दुखणें शेवटीं कोठवर जातें, याचें उदाहरण बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांचें आहे. पाऊस हुलकावणी देतो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि नवराबायकोचा ‘कोयता’ कारखान्याच्या वाटेला लागतो. फडावर न्हाणी नसते, शौचकूप नसतो. एक दिवस बसल्यास ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात. तशांत अंगावरून जाऊं लागलें, ओटीपोट दुखूं लागलें, कीं पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो, आणि न काढल्यास कर्करोग होईल अशी भीतिही घातली जाते. राज्यसरकारनें २०१९ सालीं नेमलेल्या समितीपुढें आलेल्या माहितीप्रमाणें पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें होतें. त्यांत ऐन तारुण्यांतील स्त्रियाही होत्या. योनिमार्गाचा जंतुदोष गर्भाशय काढल्यानें जात नाहीं, कारण तो तेथें नसतोच! उलट बीजकोशही काढले गेले असल्यास तिशींतच म्हातारपण येऊन हाडें ठिसूळ होतात. कायद्यांत संमति म्हणजे समजून दिलेली संमति; कर्करोगाच्या धाकानें अंगठा उठविलेल्या कागदास आम्ही तें नांव देणार नाहीं.

उपचार पाहूं गेल्यास या मानानें किती स्वल्प आहे! पहिल्या प्रकारास मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिवसांतून दोनदां, सात दिवस. बुरशीस क्लोट्रिमाझोलच्या योनिमार्गांत ठेवावयाच्या गोळ्या, किंवा गरोदर नसल्यास फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक मात्रा. तिसऱ्यास पुन्हां मेट्रोनिडाझोल, परंतु पति-पत्नी दोघांस. पहिला प्रकार पुष्कळदां उलटतो. त्याविषयीं ऑस्ट्रेलियांत झालेला व २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे: पतीसही औषध दिलेल्या स्त्रियांत बारा आठवड्यांच्या आंत तो शेंकडा ३५ जणींस उलटला, आणि एकट्या पत्नीस दिलें तेथें शेंकडा ६३ जणींस. म्हणजे पुरुषानें दवाखान्याची पायरी चढणें हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाहीं. दुकानांतून ऐकीव नांवाची गोळी आणून दोन दिवसांनीं सोडून देणें मात्र घातक आहे. ओटीपोटांत दुखून ताप येत असेल, तर दोष वर गर्भाशयनलिकांपर्यंत पोंचला असें समजावें. तेथें विलंबानें वंध्यत्व येतें. सरकारी दवाखान्यांत या रोगांसाठीं रंगवार औषधांचे पुडके ठरविलेले आहेत व योनिमार्गाच्या दाहाचा पुडका हिरवा आहे. तो मागण्यास स्त्रीनें तेथवर जावें एवढाच प्रश्न उरतो, आणि ती जात नाहीं, कारण बाहेरच्या बांकावर गांवचे चार पुरुष बसलेले असतात आणि आंत तपासणारी स्त्री नसते.

आमच्या दात्यांकडे आमचें मागणें यावरूनच ठरलें आहे. टांकीचें पाणी जेथें उतरतें, तेथें बायकांसाठीं चार भिंतींची न्हाणी व उन्हांत पण आडोशास असलेली वाळवणीची दोरी. कापडाच्या वाटपांत दरडोई दोन जादा धडपे व साबणाची वडी. आणि दवाखान्याच्या दिवशीं एक पडदा, एक मेज, चांगला दिवा, गर्भाशयमुख पाहण्याचें उपकरण व तें उकळण्याचें भांडें घेऊन येणारी एक डॉक्टरीणबाई किंवा शिकलेली परिचारिका. गर्भाशयमुख पाहिलें जातांना त्याच बैठकींत त्यावर सौम्य व्हिनेगरचा बोळा लावून कर्करोगाच्या पूर्वखुणा शोधतां येतात, म्हणजे एका खर्चांत दोन कामें होतात. ज्या जमीनदारांच्या शेतावर किंवा व्यापाऱ्यांच्या गिरणींत स्त्रिया कामास येतात, त्यांनीं तपासणीच्या दिवसाची मजुरी कापूं नये व पतीसही अर्धा दिवस मोकळा करावा. देणगी या कामासाठींच द्यावयाची असल्यास पावतीवर ‘स्त्रीतपासणी’ असें लिहून घ्यावें. ती रक्कम चारा-धान्याच्या खात्यांत मिसळली जाणार नाहीं.