थांबला तो जिंकला!

"आई, सगळ्यांकडे आहे गं, फक्त माझ्याकडेच नाही!" हे वाक्य कानावर पडलं नाही असं घर आता शोधूनही सापडायचं नाही. एके काळी हे रडगाणं सायकलीसाठी असायचं, मग क्रिकेटच्या बॅटसाठी, मग मोबाइलसाठी. आणि ज्या घरात पुण्या-मुंबईच्या मामाने हौसेने टीव्हीला जोडायचं 'प्लेस्टेशन' किंवा 'एक्सबॉक्स' आणून दिलंय, तिथे ते दर सुट्टीत नव्या गेमसाठी असतं. यंत्र घरात एकदाच येतं हो, पण गेम मात्र सारखे नवे हवे असतात!

आणि त्या गेमची किंमत ऐकली की आपण खालीच बसतो. प्लेस्टेशनचा मोठा, गाजावाजा झालेला नवा गेम आज साडेचार-पाच हजारांच्या घरात जातो. एवढ्यात कितीतरी घरांचा महिन्याचा किराणा येतो. दुधाच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईने हा हिशेब कसा बसवायचा? नाही म्हणावं तर पोर हिरमुसतं, हो म्हणावं तर महिनाअखेर उसनवारी. पण मैत्रिणींनो, या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि ती खुद्द गेम बनवणाऱ्या कंपन्यांनीच काढून ठेवली आहे. मुलांना ती ठाऊक असते, पण ती आपण होऊन सांगत नाहीत. म्हणून आज ती आपणच समजून घेऊ.

म्हशीचा भाव आणि गेमचा भाव

आपल्या घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचंच उदाहरण घ्या. पहिलारू म्हैस घ्यायची म्हणजे थोडा जुगारच. दूध किती देईल, धार काढू देईल की लाथ मारेल, कोण सांगणार? पण दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, समोर धार काढून दाखवलेली म्हैस असली की हेडी भाव खाली येऊच देत नाही. गुण दिसला की भाव चढतो, हा बाजाराचा साधा नियम.

गेमच्या बाजारात मात्र उलटी गंगा वाहते. ज्याचा गुण अजून कुणालाच ठाऊक नाही, तो नवाकोरा गेम सगळ्यात महाग. लाखो लोकांनी तो घेतला, खेळला, एकमेकांना सांगितला, की वर्षा-दीड वर्षाने तोच गेम निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही स्वस्त! म्हणजे इथे पारखलेली म्हैस पहिलारूपेक्षा कमी भावात मिळते.

असं का होतं? म्हैस एकच असते. ती विकली की दावणीला तशीच दुसरी उभी राहत नाही. गेमची तबकडी मात्र हवी तितकी छापता येते आणि एकेक प्रत छापायला फार खर्च येत नाही. खरा खर्च होतो तो गेम पहिल्यांदा तयार करताना. चित्रं काढणारे, संगीत देणारे, संगणकावर राबणारे अशा कितीतरी जणांची काही वर्षांची मेहनत त्यात असते. गेम चांगला खपला तर तो खर्च पहिल्या वर्षभरातच उतावीळ गिऱ्हाइकांकडून वसूल होतो. त्यानंतर उरतात ती तुमच्या-माझ्यासारखी, 'एवढे पैसे कोण घालवणार' म्हणून थांबलेली माणसं. त्यांच्यासाठी कंपनी किंमत उतरवते. विकली गेलेली प्रत्येक प्रत आता बहुतेक नफाच असते.

आपल्याकडे गाजलेल्या पुस्तकाची जनआवृत्ती निघते ना, अगदी तसंच. मजकूर तोच, किंमत कमी.

हिरवी पट्टी, चंदेरी पट्टी, लाल डबा

या जनआवृत्तीला कंपन्यांनी वेगवेगळी नावं दिली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९६ मध्ये अमेरिकेत 'प्लेयर्स चॉइस' ही मालिका सुरू केली. दहा लाखांवर प्रती खपलेल्या गेमला त्यात जागा मिळायची. लगोलग मार्च १९९७ मध्ये सोनीने आपल्या प्लेस्टेशनसाठी तिथेच 'ग्रेटेस्ट हिट्स' आणली. त्यासाठी अट होती, गेम बाजारात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं आणि निदान दीड लाख प्रती खपलेल्या हव्यात. अट पुरी झाली की गेम नव्या वेष्टनात, हिरव्या पट्टीसह पुन्हा दुकानात यायचा. किंमत आधी सुमारे २५ डॉलर होती, पुढे २० डॉलरवर आली. 'क्रॅश बँडिकूट' हा मुलांचा लाडका गेम आणि 'ग्रॅन टुरिस्मो' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम असाच घरोघर पोचला. त्या पहिल्या 'ग्रॅन टुरिस्मो'च्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

प्लेस्टेशन-२ आलं तेव्हा ही अट चार लाख प्रती आणि नऊ महिने अशी झाली. युरोपात हीच मालिका चंदेरी वेष्टनातली 'प्लॅटिनम' म्हणून ओळखली गेली. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये एक्सबॉक्ससाठी 'प्लॅटिनम हिट्स' काढली. निन्टेन्डोने २०११ मध्ये जुनं नाव बदलून 'निन्टेन्डो सिलेक्ट्स' केलं. आणि जून २०१८ मध्ये प्लेस्टेशन-४ साठी लाल डब्यातली 'प्लेस्टेशन हिट्स' आली. तेव्हा अमेरिकेत नवा गेम ६० डॉलरला होता आणि लाल डब्यातला २० डॉलरला. म्हणजे एकाच्या पैशांत तीन!

गंमत बघा, जुन्या गेमचा संग्रह करणाऱ्या शौकिनांना ही पट्टी मुळीच आवडत नाही. त्यांना पहिल्या छपाईचाच डबा हवा असतो आणि त्यासाठी ते जास्त पैसेही मोजतात. आपल्याला काय त्याचं? आपल्याला डबा मांडून ठेवायचा नाही, पोराला खेळू द्यायचंय.

नकलेपेक्षा अस्सल बरं

आपल्याकडे व्हिडीओ गेम आले तेच मुळी नकलांच्या रूपात. १९९० च्या दशकात अशी नकली यंत्रं घरोघर होती. ती जपानी यंत्राची स्वस्त नक्कल. तिच्याबरोबर '९९९९ इन १' असं लिहिलेली कॅसेट यायची. लावून बघावं तर मोजकेच खेळ, तेच पुन्हा पुन्हा! तरी त्या 'मारिओ'ने आणि 'काँट्रा'ने एका पिढीच्या उन्हाळी सुट्ट्या गोड केल्या, हे खरं.

पुढे प्लेस्टेशन-२ आलं. २००० साली जपानमध्ये निघालेलं हे यंत्र जगात १५ कोटींहून जास्त खपलं आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन बंद झालं. भारतात ते शेवटपर्यंत लोकांच्या आवडीचं होतं. हैदराबादमध्ये तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा गेम २००९ मध्ये त्याच यंत्रासाठी निघाला. पण त्या काळात आपल्या शहरांतल्या फुटपाथवर कोरून विकलेल्या नकली तबकड्यांचाही सुळसुळाट होता. त्या चालवायच्या तर यंत्र उघडून आत चिप बसवावी लागायची. म्हणजे वॉरंटी गेलीच, आणि तबकडी अडकली तर दाद कुणाकडे मागायची?

नकली तबकडी आणि सेकंडहँड तबकडी या दोन्हींत मूळ कंपनीच्या हाती एक पैसाही पडत नाही. म्हणून गिऱ्हाईक तिकडे जाण्याआधीच अस्सल माल त्याला परवडेल अशा भावात द्यायचा, हेही या पट्टीमागचं एक गणित आहे. कंपनी काही दानधर्म करत नाही. पण तिच्या फायद्यात आपलाही फायदा होत असेल, तर तो का सोडा?

स्वस्त म्हणजे मुलांसाठी, असं नाही

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही पट्टी एवढंच सांगते, की गेम खूप खपला. तो कुणासाठी आहे, हे ती सांगत नाही.

प्लेस्टेशन-२ वर सर्वाधिक गाजलेल्या गेममध्ये 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेचं नाव वरचं. 'वाइस सिटी' हे नाव तर आपल्या पोरांच्या तोंडी सायबर कॅफेपासून आहे. गाड्या चोरणं, गोळीबार, गुंडांच्या टोळ्या असा सगळा मामला. अमेरिकेत त्यावर सतरा वर्षांखालच्यांसाठी नाही असा शिक्का होता. तरीही खूप खपला म्हणून 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये स्वस्तात आलाच. २०१८ च्या लाल डब्यांत 'रॅचेट अँड क्लँक' होता, जो सात वर्षांच्या मुलानेही खेळावा. त्याच लाल डब्यात, त्याच किमतीत 'द लास्ट ऑफ अस' होता, जो अठराच्या पुढच्यांसाठी आहे. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी. आईने फक्त किंमत पाहिली तर?

यावर उपाय सोपा आहे. डब्यावर कोपऱ्यात चौकोनात एक आकडा असतो. ३, ७, १२, १६ किंवा १८. ही युरोपातली 'पेगी' नावाची पद्धत, २००३ पासूनची. डब्यावर अमेरिकेचा शिक्का असेल तर अक्षर असतं. 'ई' म्हणजे सगळ्यांसाठी, 'टी' म्हणजे तेरा वर्षांपुढे, 'एम' म्हणजे सतरापुढे. इंग्रजी येत नसलं तरी आकडा वाचायला कुणाची मदत लागत नाही. मूल दहा वर्षांचं आणि डब्यावर १८, तर किंमत पन्नास रुपये असली तरी डबा परत ठेवायचा.

'फुकट' गेमची किंमत

काही जणी म्हणतील, एवढी कटकट हवी कशाला, मोबाइलवर फुकट गेम आहेतच की! आहेत ना. पण त्यातले बरेच उतरवून घ्यायला फुकट आणि पुढे खेळायला पैसे मागणारे असतात. आज नवे कपडे, उद्या नवी बंदूक, परवा पुढची पायरी. मागणी पन्नास-शंभरचीच असते, म्हणून खुपत नाही, पण वर्षाची बेरीज केली तर डोळे पांढरे होतात. वडिलांच्या मोबाइलवर पैसे द्यायची सोय चालू असेल तर ही बेरीज कळतेही उशिरा.

पट्टीवाल्या जुन्या तबकडीला साधारणपणे एकदाच पैसे पडतात. खेळून झाल्यावर ती भावंडाला देता येते, मैत्रिणीच्या मुलाशी अदलाबदल करता येते, विकताही येते. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या गेमचं तसं नाही. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन-५ च्या एका प्रकारात तर तबकडीची सोयच नाही. तिथे कंपनीच्या ऑनलाइन दुकानातल्या सेलची वाट पाहावी लागते. दिवाळी-नाताळात हे सेल लागतात आणि तिथेही गणित तेच, जुना गाजलेला गेम आधी स्वस्त होतो.

खरेदीला जाताना

- आधी घरच्या यंत्राचं नाव आणि आकडा कागदावर लिहून घ्या. एका यंत्राची तबकडी दुसऱ्यावर चालेलच असं नाही.
- वयाचा आकडा किंवा अक्षर बघा. किंमत त्यानंतर.
- किती जण एकत्र खेळू शकतात ते डब्याच्या मागे लिहिलेलं असतं. दोन भावंडं असतील तर दोघांना खेळता येईल असाच घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.
- खेळायला इंटरनेट लागतं का, हे दुकानदाराला विचारा.
- पट्टी आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका. कधी कधी साधा डबाही सेलमध्ये तेवढ्याच किमतीत मिळतो.
- सेकंडहँड घ्यायची असेल तर तबकडी उजेडात धरून ओरखडे बघा, आणि शक्य असेल तर दुकानातच लावून बघा.

शिळा की मुरलेला?

एवढं सगळं करून घरी आणलं तरी मूल म्हणणारच, "हा तर जुना गेम आहे!" मित्र चिडवतील ही त्याची भीती खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. पण त्याला सांगावं, की जुनं सगळंच शिळं नसतं. भाकरी शिळी होते, लोणचं मुरतं. हा गेम दोन वर्षांपूर्वी ज्यांनी पाच हजारांना घेतला, त्यांच्या आणि तुझ्या गेममध्ये एका चित्राचाही फरक नाही. फरक एवढाच, की तू थांबलास.

आणि जमलं तर त्याला हिशेबातही घ्या. नवा गेम आजच हवा, की तेवढ्याच पैशांत वर्षभर थांबून दोन-तीन हवेत? निर्णय त्याला करू द्या, वाचलेले पैसे त्याच्यासमोर डब्यात टाका. सारखं 'नाही' ऐकणाऱ्या मुलाला आपल्या घरी पैसे नाहीत एवढंच कळतं. 'कधी' आणि 'केवढ्याला' हे आईबरोबर बसून ठरवणाऱ्या मुलाला पैसे कसे वापरायचे हे कळू लागतं. ते शाळेच्या कुठल्याच पुस्तकात शिकवत नाहीत, आणि घरात ते आपल्याइतकं कुणाला येतं?