संगणकातली टकटक

टेबलाखालचा संगणकाचा डबा घरघरतो, याची घरात सगळ्यांना सवय झालेली असते. मुले प्रकल्पाची चित्रे शोधतात, आई विजेचे बिल भरते, आजोबा गावाकडच्या जमिनीचे कागद चाळतात आणि डबा आपला घरघरत राहतो. मग एके दिवशी त्यात नवा सूर मिसळतो. टक्... टक्... टक्. कोणी म्हणते पंख्यात काहीतरी अडकले, कोणी म्हणते जुना झालाय, चालायचेच. डब्याला एक चापट बसते, आवाज थांबतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

पंखा असेल तर ठीक. पण टकटक हार्ड डिस्कची असेल, तर चापटीसारखे वाईट औषध दुसरे नाही.

दिल्लीच्या हिंदूराव भागात संगणकाला छळणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. वस्ती रिजच्या टेकडीला लागून. मे-जूनमधली आंधी खिडक्या लावल्या तरी पिठासारखी धूळ घरात आणते आणि पारा ४० अंशांच्या वर जातो. (नाव मराठी कानाला ओळखीचे वाटते ते उगीच नव्हे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा बंगला या टेकडीवर होता. तिथल्या रुग्णालयाला आजही त्यांचेच नाव आहे.) गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या संगणकात काय काय साठलेले असते! मुंजीचे, लग्नाचे फोटो, गेलेल्या आजीचा आवाज, मुलांची प्रमाणपत्रे, दुकानाचा हिशेब. संगणक पुन्हा विकत घेता येतो, आजीचा आवाज येत नाही.

आवाज नेमका कुणाचा?

डब्यात फिरणाऱ्या वस्तू मोजक्याच. एक-दोन पंखे, वीजपुरवठ्याच्या पेटीतला म्हणजे एसएमपीएसचा पंखा आणि हार्ड डिस्क. संगणक नीट सुरू होत असेल, तर तपासणीच्या आधी महत्त्वाचे फोटो आणि कागद बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मग संगणक बंद करून प्लग काढावा, डब्याची बाजूची पाटी उघडावी आणि हार्ड डिस्कला जोडलेल्या दोन्ही केबल सोडवाव्यात. आता पुन्हा सुरू करा. पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची तक्रार येईल, तिकडे लक्ष देऊ नका. आवाज तसाच असेल तर डिस्क निर्दोष आहे, चोर पंखा आहे.

पंख्याचा इलाज सोपा. प्लग काढलेल्या अवस्थेत पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडायची. पाती न धरता जोराचा वारा मारला तर पंखा भरमसाट फिरतो आणि बेअरिंग जाते. एखादी मोकळी तार पात्यांना घासत असेल तर ती बांधून टाकावी. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये, बंद केल्यावरही तिच्यात वीज साठून राहते.

कधी कधी डिस्क चांगली असते, पण स्क्रू सैल असतात. चार स्क्रूंच्या जागी दोनच लावून काम उरकणारे कारागीर दिल्लीतही आहेत आणि पुण्यातही. मग सगळा पत्रा थरथरतो आणि लाकडी टेबल तो आवाज मोठा करून ऐकवते. स्क्रू आवळले, डब्याखाली रबराचा तुकडा सरकवला, की भागते.

टकटक आणि खरखर

केबल सोडवल्यावर आवाज बंद झाला, तर मात्र तो डिस्कचाच. आत काय चालते ते पाहिले म्हणजे भीती कशाची बाळगायची ते कळते. साध्या डेस्कटॉपची चकती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. वाचणारे हेड त्या चकतीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केस या फटीच्या हजारो पट जाड असतो. चापट मारताना हे आठवावे.

काम करताना होणारी हलकी कुरकुर ही डिस्कची नेहमीची भाषा. काहीही न करता कुरकुर चालू असेल तर बहुतेक वेळा अँटिव्हायरस तपासणी करत असतो किंवा मेमरी अपुरी पडत असते. दहा-पंधरा मिनिटांनी एखादी टक् ऐकू आली तर वीज वाचवण्यासाठी हेड बाजूला ठेवले गेले असेल. जुन्या, विशेषतः २००० सालापूर्वीच्या डिस्क बारीक शीळ घालत, कारण त्यांत छऱ्यांचे बेअरिंग होते. पुढे तेलावर फिरणारे बेअरिंग आले आणि ती शीळ गेली.

ठेक्यात येणारी टकटक वेगळी. हेडला आपली जागा सापडत नाही, ते टोकाला जाऊन आपटते, परत येते, पुन्हा शोधते. अमेरिकेत २००१ साली आयबीएमच्या डेस्कस्टार ७५जीएक्सपी डिस्कवरून ग्राहक न्यायालयात गेले. त्या डिस्कला लोकांनी ‘डेथस्टार’ असे नाव ठेवले होते. तरीही डिस्कला लगेच मोडीत काढू नये. एसएमपीएस दुबळा असेल किंवा वीजेची केबल ढिली असेल, तरी पुरेसा दाब न मिळून डिस्क अशीच टकटकते. केबल बदलून एकदा पाहावे. एकदाच. फरक नसेल तर थांबावे.

घासल्याची खरखर येत असेल तर त्या क्षणी बंद. हेड चकतीला टेकलेले असू शकते आणि प्रत्येक फेऱ्यात फोटोंची भुकटी होत असते. डिस्क फिरतच नसेल, नुसतीच गुणगुणत असेल, तरी बंद.

डिस्क आजारी आहे पण वाचता येते, अशा वेळी अनेकजण दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवतात किंवा डीफ्रॅग सुरू करतात. दुखऱ्या पायाने धावायला लावण्यासारखेच ते. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते उतरवायचे, चित्रपट आणि गाणी शेवटी. आणि ‘सी’वरून ‘डी’वर उतरवणे म्हणजे उतरवणे नव्हे! बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. चकती गेली की दोन्ही जातात.

डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. तो पिवळा किंवा लाल इशारा देत असेल तर नवी डिस्क आणावी. इशारा नसला म्हणून निर्धास्त होऊ नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. कान उघडे ठेवणे आलेच.

नेहरू प्लेसला जाण्यापूर्वी

दिल्लीकराचा पाय मग नेहरू प्लेसकडे वळतो. हिंदूरावहून पुलबंगश स्थानकावर मेट्रो धरायची आणि काश्मिरी गेटला बदलायची. डिस्क मऊ कापडात किंवा जाड फोममध्ये गुंडाळून मांडीवर ठेवावी. वॉरंटी असेल तर कंपनी नवी डिस्क देते, पण जुनी ठेवून घेते. आतला मजकूर वॉरंटीत येत नाही. तो परत मिळवण्याचा खर्च बऱ्याचदा डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. म्हणून काम देताना विचारून घ्यावे: फोटो निघाले नाहीत तर किती पैसे? डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणार का? काउंटरवरच कोणी स्क्रूड्रायव्हर लावू लागला तर डिस्क उचलून चालू पडावे. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही ऐकू नये, आत पाणी सुटते.

हिंदूराव रुग्णालयाजवळ एक अशोकस्तंभ आहे. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, फर्रुखसियरच्या काळात, स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली ते तुकडे जोडून स्तंभ पुन्हा उभा केला गेला. दगडावरचा लेख फुटूनही दीडशे वर्षांनी जोडता आला. चकतीवर हेड घासले, की तिथला मजकूर पावडर होऊन उडतो. तो नेहरू प्लेसलाच काय, कुठेच जोडून मिळत नाही.

नवी खरेदी करताना हल्ली एसएसडीच सुचवली जाते. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे आवाजही नाही. अर्थात जाताना ती टकटक करून सांगतही नाही. तेव्हा एसएसडी घेतली तरी बाहेरची एक डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा तिच्यावर सगळे उतरवावे आणि वर तारखेची चिठ्ठी चिकटवावी. टकटकणारी जुनी डिस्क ‘बॅकअपला होईल’ म्हणून कपाटात ठेवू नये.